म्युझियमचा एसी, ५० टक्क्यांचा आकडा आणि आजीचा देव्हारा

(एपिसोडचं हे लिखित रूप आहे. बोलताना मध्येमध्ये आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका प्रश्नाने. उन्हाळ्यात किंवा भर पावसाळ्यात तुम्ही एखाद्या मोठ्या म्युझियममध्ये गेलात, आणि एखाद्या दालनाचं दार उघडताच अंगावर काटा आला, असं झालंय कधी? बाहेर घामाच्या धारा आणि आत ओढणी गुंडाळून फिरायची वेळ. मला वाटायचं, हा थंडावा आपल्यासाठी आहे. पाहुण्यांची सोय, दुसरं काय!

तसं नाहीये. तो थंडावा आतल्या वस्तूंसाठी असतो. आणि ‘म्युझियमने पर्यावरणासाठी काय करावं’ असं कुणी विचारलं, की आपण कागदी पिशव्या, झाडं लावणं, कचरा वेगळा करणं असं बोलतो. ते सगळं चांगलंच. पण अनेक मोठ्या म्युझियम्समध्ये विजेचा मोठा वाटा हवा थंड आणि कोरडी ठेवण्यात जातो. चोवीस तास, वर्षभर. म्हणून आज आपण त्या एसीबद्दल बोलणार आहोत. त्याहून नेमकं सांगायचं तर एसीला दिलेल्या एका आकड्याबद्दल.

पण मी सॉफ्टवेअरवाली, माझा म्युझियमशी संबंध कुठून आला? तर तो आला एका चिरेमुळे. आधी ती गोष्ट ऐका.

चीर

आमच्या आजीचं घर राजापूरजवळच्या एका वाडीत. तीन वर्षांपूर्वी आजी कायमची पुण्याला आमच्याकडे आली आणि घराला कुलूप लागलं. येताना तिने एकच मोठी वस्तू आणायला लावली: फणसाच्या लाकडाचा देव्हारा. तिच्या सासऱ्यांनी करून घेतलेला. टेम्पोतून गाद्यांमध्ये गुंडाळून आणला, हॉलमध्ये ठेवला.

त्याच्या दोन्ही दारांच्या मधल्या फळ्या जरा हलायच्या. दार उघडलं की खडखड. मला वाटलं, जुनं लाकूड आहे, सांधे सैल झाले असणार. मी एका सुताराला बोलावलं आणि त्या फळ्या गोंद लावून, चारही बाजूंनी बारीक चुका मारून पक्क्या करून घेतल्या. खडखड बंद. मी खूश.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी मी हॉलमध्ये कॉलवर होते. मागे ‘टक्’ असा आवाज आला, बोट मोडल्यासारखा. वळून पाहिलं तर डाव्या दाराच्या फळीला वरपासून खालपर्यंत चीर. पलीकडची समई दिसत होती.

आजी आतून आली. रागावली नाही. चिरेवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, “साठ पावसाळे काढले गं त्याने.”

ते मला फार लागलं. माझा पहिला संशय एसीवर. वर्क फ्रॉम होम असताना मी हॉलचा एसी २० वर लावून बसते. मग मी आपल्या लोकांनी जे केलं असतं तेच केलं: एक छोटा बोर्ड घेतला, त्याला तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडला, देव्हाऱ्याच्या मागे चिकटवला आणि डॅशबोर्ड बनवला. आरोपीविरुद्ध पुरावा गोळा करायला.

आणि पुरावा उलटाच निघाला. एसी बंद, खिडक्या उघड्या, मे महिन्याची दुपार, अशा वेळी आकडा एसीपेक्षाही खाली जात होता. पुण्याचा उन्हाळा मुळातच कोरडा. कोकणात मे महिन्यातसुद्धा हवा ओलसर असते. म्हणजे एसी एकटा गुन्हेगार नव्हता. मग नेमकं झालं काय? म्युझियमवाले जुनं लाकूड कसं सांभाळतात, हे शोधायला मी बसले आणि तिथून हा सगळा एपिसोड निघाला.

आधी एक मिनिट आर्द्रतेसाठी

हवामानाच्या ॲपमध्ये ‘ह्युमिडिटी ८५%’ लिहिलेलं असतं ना, ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. जुलैमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कारण हवा आधीच जवळजवळ भरलेली असते.

लाकूड, कागद, कापड, चामडं, हस्तिदंत या सगळ्या एकेकाळच्या जिवंत वस्तू. हवा ओली झाली की त्या पाणी शोषून फुगतात, कोरडी झाली की आकसतात. दमट हवा सतत राहिली, साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर, तर बुरशी धरते. फार कोरडी झाली तर लाकूड तडकतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून म्युझियमला तापमानापेक्षा आर्द्रतेची काळजी जास्त असते.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच या कारणासाठी झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आपली यंत्रणा आखली. अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. आज आपण ज्याला ‘थंडगार’ म्हणतो, ते यंत्र मुळात कागद सांभाळायला आलं होतं.

२० डिग्री, ५० टक्के: हा आकडा आला कुठून?

म्युझियमच्या जगात कित्येक दशकं एक आकडा चालत आला: तापमान साधारण २० डिग्री, आर्द्रता ५० टक्के, आणि त्यात वरखाली फक्त ५ टक्क्यांची सूट. लंडन असो, मुंबई असो की सिंगापूर. परदेशातून एखादं चित्र प्रदर्शनासाठी उधार आणायचं, तर करारातही अशीच अट असायची.

कोडमध्ये आपण एखादा आकडा थेट लिहून ठेवतो, वर कमेंट नसते, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो, आणि मग कुणीच त्याला हात लावत नाही. तसलाच हा आकडा. मी त्याचा इतिहास खोदायला घेतला.

पहिल्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ब्रिटिश म्युझियमच्या अनेक वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात हलवल्या होत्या. युद्धानंतर बाहेर काढल्या तर धातूंना गंज, कुठे बुरशी. ते निस्तरायला १९२० मध्ये म्युझियममध्ये प्रयोगशाळा सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने शहाणपणा केला. १९४१ मध्ये चित्रं वेल्समधल्या मॅनॉड नावाच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेली. खाणीत विटांच्या खोल्या बांधल्या आणि आतली हवा साधारण १७ डिग्री आणि ४२ टक्के आर्द्रतेला स्थिर ठेवली. तिथे चित्रांचा रंग सुटण्याचा त्रास जवळजवळ थांबला. युद्ध संपून चित्रं लंडनला परतली आणि रंग पुन्हा सुटू लागला. निष्कर्ष सरळ निघाला: हवा स्थिर ठेवा.

इथपर्यंत सगळं बरोबर आहे. मग १९७८ मध्ये नॅशनल गॅलरीचेच शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी म्युझियमच्या हवेवर एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभरात प्रमाण मानलं गेलं. ५० किंवा ५५ टक्के, अधिक-उणे ५, हे त्यातलंच.

आता खरी मजा ऐका. त्याच पुस्तकात थॉमसन यांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवलंय, की वरखाली होण्याची ही जी बारीक मर्यादा आहे, ती वस्तूंना किती फरक सोसतो याच्या सखोल अभ्यासातून आलेली नाही. एसीच्या यंत्राकडून आपण वाजवीपणे किती अचूकतेची अपेक्षा करू शकतो, त्यातून ती आली आहे.

म्हणजे मशीनला जे जमतं, ते वस्तूची गरज म्हणून लिहिलं गेलं! हे वाचून मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठले. आमच्या कामात याला काय म्हणतात ते इथे सांगत नाही.

मुंबईच्या जुलैत हा आकडा पाळायचा म्हणजे

लंडनच्या हवेत ५० टक्के ठेवणं एक गोष्ट, मुंबईत वेगळी. मी साधा हिशोब केला. तुम्हीही कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर करून बघा.

मुंबईतला पावसाळी दिवस धरा: ३० डिग्री, ८० टक्के आर्द्रता. अशा एक किलो हवेत साधारण २१ ते २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. २० डिग्री आणि ५० टक्क्यांच्या हवेत मात्र फक्त ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरून आत घेतलेल्या प्रत्येक किलो हवेतून १४ ग्रॅम पाणी पिळून काढायचं.

ते काढायचं कसं? थंड पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब जमतात, तसं. हवा थंड कॉइलवरून नेली की वाफेचं पाणी होऊन ठिबकतं. पण ५० टक्के गाठायला हवा जवळजवळ ९ डिग्रीपर्यंत थंड करावी लागते. आता ९ डिग्रीची हवा दालनात सोडली तर सगळे कुडकुडतील. म्हणून ती पुन्हा २० डिग्रीपर्यंत गरम करायची. नीट ऐकलंत ना? आधी वीज खर्चून थंड करायचं, मग तीच हवा परत तापवायची. वर्षभर, रात्रीसुद्धा, म्युझियम बंद असतानासुद्धा.

आता आकडा जरा बदलूया. २५ डिग्री आणि ६० टक्के. इथे हवा १७ डिग्रीच्या थोडं खालीपर्यंतच थंड करावी लागते. माझ्या हिशोबाने बाहेरच्या ताज्या हवेवरचं थंड करण्याचं काम साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. नवीन मशीन नाही, सोलर नाही, काहीच खरेदी नाही. फक्त सेटिंग बदललं.

हा हिशोब फक्त बाहेरून घेतलेल्या हवेचा आहे हं. इमारतीचं एकूण बिल भिंती, छप्पर, दिवे, माणसं यांवरही ठरतं. पण दिशा समजली असेल.

आकडा सैल केला तर वस्तू बिघडणार नाहीत का?

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत मॅरियन मेक्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड, सरस, रंगाचे थर प्रत्यक्ष ताणून, तोडून पाहिले. १९९४ च्या सुमारास त्यांनी मांडलं, की बहुतेक वस्तू मधल्या पट्ट्यात, साधारण ३५ ते ६५ टक्के, बऱ्यापैकी सुखाने राहतात. तेव्हा या क्षेत्रात मोठा वाद झाला. पण हळूहळू मत बदललं.

त्यांच्या कामातून एक मुद्दा फार स्वच्छ पुढे येतो. मोकळं लाकूड फुगलं, आकसलं तरी सहसा त्याचं काही बिघडत नाही. तडकतं ते जखडलेलं लाकूड. आकसायचंय, पण चारही बाजूंनी धरून ठेवलंय, मग ताण वाढत जातो आणि एक दिवस...

टक्.

हो. माझ्या डोळ्यासमोरही त्याच चुका आल्या. लोखंडी चुका मी मारून घेतल्या आणि खरी चूकही माझीच. जुन्या सुताराने ती फळी चौकटीच्या खाचेत मुद्दाम सैल ठेवली होती, पावसात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला जागा म्हणून. ती खडखड ही त्या दाराची सोय होती. मी तो बिघाड समजून ‘फिक्स’ केला.

दुसरा मुद्दा कॅनडाच्या स्टीफन मिखाल्स्की यांचा. एखाद्या वस्तूने पूर्वी जेवढे चढउतार सोसलेत, तेवढेच किंवा त्याहून कमी पुढे आले तर नवीन इजा होण्याची शक्यता कमी. जे मोडायचं ते आधीच मोडून झालेलं असतं. युरोपात २०१० च्या एका मानकातही हाच विचार आहे: आधी वस्तू आजवर कुठल्या हवेत राहिली ते बघा, तिचा इतिहास मोजा आणि मग मर्यादा ठरवा.

म्हणजे एकच जागतिक आकडा नाहीच. कोकणातल्या देव्हाऱ्याचं ‘नॉर्मल’ वेगळं, राजस्थानातल्या दाराचं वेगळं.

२०१४-१५ च्या सुमारास मोठमोठ्या म्युझियम्सच्या प्रमुखांच्या बिझो गटाने यावर एकत्र येऊन नियम सैल केले. बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ डिग्री तापमान चालेल, चोवीस तासांत फार मोठी उडी नको, एवढंच. याला बिझो ग्रीन प्रोटोकॉल म्हणतात आणि २०२३ मध्ये तो पुन्हा सुधारला गेला. २०२२ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय म्युझियम परिषदेने म्युझियमची नवी व्याख्या स्वीकारली, त्यातही शाश्वततेचा उल्लेख आला.

पण थांबा. याचा अर्थ ‘एसी बंद करा’ असा अजिबात नाही. उत्खननात सापडलेलं लोखंड, काही कांस्यमूर्ती यांना खूप कोरडी हवा लागते. जुन्या फिल्म्सना थंडी लागते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू आहे. सगळ्यात वाईट काय, तर बिल वाचवायला संध्याकाळी एसी बंद आणि सकाळी चालू. त्याने रोज एक झोका बसतो, आणि बंद दालनात रात्रभर दमट हवा कोंडते ती वेगळीच. सैल आकडा म्हणजे बेफिकिरी नव्हे. उलट त्यासाठी जास्त मोजावं लागतं.

मग म्युझियमने नेमकं करायचं काय?

माझ्या मते क्रम असा.

एक, मोजा. प्रत्येक दालनात आणि गोदामात छोटे डेटा लॉगर, निदान वर्षभर. माझा घरचा सेन्सर काहीशे रुपयांचा आहे. म्युझियमला त्याहून अचूक आणि तपासून घेतलेला लागेल, पण हे रॉकेट सायन्स नाही.

दोन, दालनांचे गट पाडा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचंच उदाहरण घ्या. तिथे असिरियाच्या राजवाड्यांतली कोरीव दगडी शिल्पं आहेत आणि नाजूक लघुचित्रंही आहेत. धडधाकट दगडाला ५५ टक्के की ६५, याने सहसा फार फरक पडत नाही. कागदावरच्या लघुचित्राला पडतो. अशा कुठल्याही संग्रहात दोघांना एकाच हवेत ठेवायची गरज नसते.

तीन, हॉलऐवजी पेटी सांभाळा. माणसं श्वासातून, घामातून, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांतून वाफ आत आणतात. सगळ्या दालनाची हवा धरून बसण्यापेक्षा नाजूक वस्तू घट्ट बंद होणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवा आणि आत सिलिका जेल घाला. बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी असते ना, तिचाच थोरला भाऊ. हव्या त्या आर्द्रतेला तयार करून ठेवलं, की ते वीज न घेता महिनोन्महिने पेटीतली हवा सांभाळू शकतं.

चार, गोदामाकडे बघा. मोठ्या म्युझियमचा बराचसा संग्रह आपल्याला दिसतच नाही, तो गोदामात असतो. डेन्मार्कमध्ये वायले इथे म्युझियम्सनी मिळून असं गोदाम बांधलंय, की भिंती भरपूर जाड, जमिनीला मुद्दाम इन्सुलेशन नाही आणि हिवाळ्यातही हीटर नाही. जमीनच तापमान सावकाश वरखाली करते, आणि लागेल तेव्हा फक्त डिह्युमिडिफायर पाणी काढतो. ही इमारत उचलून मुंबईत आणता येणार नाही, आपली जमीनच गरम. पण तत्त्व घेता येतं: हवा गोठवण्यापेक्षा कोरडी करा आणि बाकीचं काम भिंतींना करू द्या.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडात घट्ट बांधून ठेवलेले असतात, त्यांना रुमाल म्हणतात. घट्ट बांधलेला कागद आणि भोवती सुती कापड, म्हणजे बाहेरची ओल आत जायला वेळ लागतो आणि पोचेपर्यंत ऊन पडतं. आजी पोथ्यांमध्ये वेखंड ठेवते, किडीसाठी. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ कागद वाळवीने खाल्लाही. पण वीज नसताना वस्तू शंभर-दोनशे वर्षं टिकल्या, तर त्या कशामुळे टिकल्या हे बघायला हवं.

इमारतीचंही तेच. वस्तुसंग्रहालयाची मूळ इमारत जॉर्ज विटेट यांनी आखलेली, १९१४ मध्ये पूर्ण झाली आणि युद्धकाळात इस्पितळ म्हणून वापरून १९२२ मध्ये म्युझियम म्हणून उघडली. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड, उंच छत, खोल व्हरांडे. भिंतीवर थेट ऊन पडू नये आणि वारा खेळावा, हे नकाशातच आहे. जुन्या इमारतींचे व्हरांडे बंद करून, खोट्या छताखाली एसी बसवण्याआधी एकदा तरी बघा, की ती इमारत स्वतः किती काम करते आहे.

पाच, दिवे. लघुचित्रं आणि वस्त्रं साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात, कारण प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत येत नाही. एलईडी लावले आणि माणूस समोर आला तरच उजळणारे सेन्सर जोडले, तर वीजही वाचते आणि चित्राचं आयुष्यही. इथे पर्यावरण आणि जतन एकाच बाजूला आहेत.

बाकी प्रदर्शनाचे प्लायवूडचे पडदे दरवेळी फेकून न देता नट-बोल्टने जोडता-सोडता येतील असे करणं, फ्लेक्स टाळणं, उधारीच्या वस्तूबरोबर दरवेळी माणूस विमानाने पाठवण्याऐवजी व्हिडिओवरून देखरेख करणं, हे सगळं आहेच. करायला हवंच. पण एसीचा आकडा न तपासता फक्त एवढंच केलं, तर तो सर्व्हर जळत असताना लोगोचा रंग बदलण्याचा प्रकार होईल.

आणि हे लोकांना दाखवा

मला सगळ्यात जास्त इथे पोटतिडकीने बोलायचंय. म्युझियम हे सगळं पडद्यामागे करतं आणि आपल्याला कळतही नाही.

समजा, दालनाच्या दाराशी एक छोटा स्क्रीन आहे: ‘आत आत्ता २५ डिग्री, ५८ टक्के. बाहेर ३० डिग्री, ८४ टक्के. या लघुचित्राला एवढं चालतं. म्हणून आम्ही इथे २० ठेवत नाही.’ बस, एवढंच. शाळेतली मुलं ते वाचतील, घरी जाऊन रिमोटकडे बघतील. पोस्टरवरच्या ‘पृथ्वी वाचवा’पेक्षा हे जास्त आत जाईल, कारण म्युझियम स्वतः करून दाखवतंय.

दुसरं, वस्तूंनाच बोलू द्या. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू. मागच्या महिन्यात मी आजीला घेऊन गेले. ती एका पितळेच्या भांड्यासमोर थांबली आणि म्हणाली, “आमच्याकडे कल्हईवाला यायचा वर्षातून एकदा. भांडं टाकायचं असतं, हे माहीतच नव्हतं.” अशा वस्तूंखाली काळ आणि प्रदेश लिहिलेला असतोच. त्याच्याच खाली एक ओळ वाढवली, ‘हे कसं दुरुस्त व्हायचं, किती पिढ्या वापरलं जायचं’, तर टिकाऊपणावर वेगळं प्रदर्शन भरवायलाच नको. ते आधीच भरलेलं आहे.

देव्हाऱ्याचं पुढे काय झालं

ओळखीतून एक म्हातारे सुतारकाका मिळाले. त्यांनी चीर पाहिली, मग चुका पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. “ताई, हे कुणी केलं?” मी म्हटलं, “मीच करून घेतलं, काका.” ते हसले नाहीत. त्यांनी चुका एकेक करून काढल्या, गोंद ओल्या फडक्याने मऊ करून सोडवला, फळी पुन्हा खाचेत मोकळी केली. मी विचारलं, चीर भरायची का? ते म्हणाले, “आत्ता नको. उन्हाळ्यात भरली तर पावसात फुगून दुसरीकडे फुटेल. पाऊस होऊ द्या.”

पाऊस झाला. डॅशबोर्डवर आकडा रोज चढत गेला आणि चीर रोज बारीक होत गेली. ऑगस्टमध्ये नख जाईल इतकीच उरली. गणपतीत काकांनी येऊन तिच्यात फणसाच्याच लाकडाची बारीक पट्टी बसवली. दिसते अजून. आजी म्हणाली, दिसू दे.

एसी आता २६ वर असतो आणि त्याचा झोत देव्हाऱ्यावर येत नाही. मार्चपासून आम्ही जवळ पाण्याने भरलेलं एक रुंद तोंडाचं मातीचं भांडं ठेवतो. त्याने फार फरक पडत नाही. सेन्सर मला सांगतो, मी आजीला सांगत नाही.

आणि दार पुन्हा खडखडतं. रोज सकाळी आजी पूजेला बसली की तो आवाज येतो, मी अर्धवट झोपेत असते, आणि मला बरं वाटतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी म्युझियममध्ये थंडी वाजली, तर तिथल्या ताईंना किंवा दादांना आदराने विचारा: “इथे आर्द्रता किती ठेवता? आणि का?” उत्तर नीट मिळालं, तर समजा ते म्युझियम विचार करतंय. ‘पहिल्यापासून एवढंच आहे’ असं उत्तर आलं, तर तो आकडा कुणीतरी पुन्हा तपासायला हवा. आणि घरात एखादी जुनी वस्तू खडखडत असेल, तर चुका मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!